भिंतीवर वाढलेली संगी

अक्काचा शेवगावहून फोन आला तेव्हा मी पुण्यात माझ्या ओट्यापाशी मेथी निवडत होते.

"अगं, तेलमिलची भिंत रंगवतायत म्हणे. कॉलेजची पोरं आलीत, परांची बांधलीय. माझी लेक बाळंतीण, तिला सोडून मला कुठं निघता येतंय? तू एक दिवस नगरला जा आणि बघून ये."

"बघून काय करू?"

"काही करू नको. बघ नुसतं."

अक्का माझी थोरली बहीण. रत्ना तिचं नाव. ती काही मागत नाही, आणि मागितलं तर ते टाळता येत नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. माळीवाड्याला उतरून रिक्षावाल्याला मिलचं नाव सांगितलं तर त्याला ते ठाऊकच नव्हतं. मिल बंद पडली तेव्हा तो लहान पोर असेल. मी गल्लीच्या खुणा सांगायला लागले, लिंबाचं झाड, पिठाची गिरणी, तसा तो म्हणाला, "ती पेंटिंगची भिंत व्हय? बसा की."

भिंत तीच होती. आमच्या गल्लीची एक बाजू घरांची आणि दुसरी बाजू सगळी या भिंतीची. रस्त्याच्या तोंडापासून पार लिंबापर्यंत. तिच्यावर आता एक काळवीट उडी घेत होतं. पाय अजून पांढरेच होते, रंग मानेपर्यंत आला होता. त्याच्या मागं ज्वारीचं रान, ताटाताटांवर पाखरं. परांचीवर मुलं-मुली बसली होती, कानात गाणी, हातात रुंद ब्रश. छान चाललं होतं काम. मी जवळ गेले, कुणाचं लक्ष नाही असं बघून भिंतीला नाक लावलं. वर प्लॅस्टिक पेंटचा वास होता. त्याच्या खाली, अगदी खोल, पेंडीचा.

करडईच्या पेंडीचा तो वास ज्याच्या लहानपणात नाही त्याला तो कसा सांगावा? कडवट, उबदार, थोडा भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. होळी झाली की करडईचा हंगाम सुरू व्हायचा. पोत्यांनी भरलेले टेम्पो गल्लीच्या तोंडाशी रांग लावायचे, मिलचा पट्टा दिवसभर फट-फट-फट वाजत राहायचा, दुपारी लांबून लष्कराच्या चांदमारीचे आवाज यायचे आणि त्या सगळ्यावर हा वास पसरलेला असायचा. आईच्या लुगड्याला तो होता, आमच्या केसांना होता, भाकरीलासुद्धा असावा. भिंतीनं तर वर्षानुवर्षं तो पिऊन घेतला होता. थंडीत आम्ही पोरं सकाळी तिला पाठ लावून उभी राहायचो. आतल्या घाण्यांची ऊब भिंतीतून पाठीत यायची, आणि शाळेची घंटा होईपर्यंत कुणी तिथून हलायचं नाही.

भिंत मिलची असली तरी लिहायची ती सगळ्यांनी. कोळशानं स्टंपा काढलेल्या. कुणाचं कुणावर प्रेम आहे ते बाणासकट. निवडणुकीतली चिन्हं, सर्कशीचे हत्ती, आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरात, इथं लघवी करू नये. त्या पाटीच्या खालीच सगळे उभे राहायचे. अक्का शाळेतून येताना खडूचे तुकडे आणायची आणि त्या अक्षरांच्या बाजूला वेली काढत बसायची. आमचा मामा ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवायचा. कमळं, मोर, आईचा आशीर्वाद. त्याचा डबा घेऊन अक्का जायची ती तिथंच रमायची. मामानं तिला कधी शिकवलं नाही. ब्रश धुवायला द्यायचा फक्त. पण धुता धुता तिनं रेघ कशी ओढायची ते घेतलं.

आमच्या घराला लागून साखरामावशीचं घर होतं. मध्ये एकच भिंत, विटांची. साखरामावशी आणि माझी आई दोघी मिलमध्ये करडई पाखडायला जायच्या. तिची लेक संगी माझ्याएवढी. आम्ही दोघी मधल्या भिंतीवर टकटक करून एकमेकींना उठवायचो. संगीचा पुढचा एक दात खेळताना पडून अर्धा तुटला होता, म्हणून हसताना ती तोंडावर हात ठेवायची. हात ठेवला की तिचे डोळे जास्तच हसायचे.

एका श्रावणात संगी गेली. कशानं, किती दिवसांत, ते गल्लीत कुणी परत बोललं नाही, आणि मीही इथं सांगत नाही. मला आठवतं ते एवढंच की मी सकाळी सवयीनं भिंतीवर टकटक केलं आणि पलीकडून कुणी उत्तर दिलं नाही. आईनं माझा हात धरून खाली घेतला.

साखरामावशी कामावर यायची, पाखडायची, घरी जायची. तिचा नवरा लांबच्या कारखान्यावर होता, सुट्टीला यायचा. घरात ती आणि एक शेळी. तिनं आपलं अंगण झाडणं सोडून दिलं. तिचं अंगण आई झाडायची, आधी तिचं, मग आमचं. कुणी हाक मारली तर मावशी 'ओ' द्यायची, पण तिचा आवाज आतल्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा.

पुढच्या वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आधी वस्तीतली पोरं फ्लेक्स लावायचा म्हणत होती. फ्लेक्स तेव्हा नवीनच आला होता. अक्काची बारावी नुकतीच झाली होती. ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो. भिंतीवर मी पिंपळ काढते. आख्खा."

"पोरगी शिडीवर चढनार?" कुणीतरी विचारलं.

"चढंल की," वडील म्हणाले. "शिडी काय फक्त पोरांना पेलती काय?"

मिलच्या मुनिमाला विचारलं तर तो म्हणाला, "काढा बाबा. निदान मुतायचं तरी थांबंल."

ऑइल पेंट परवडण्यातला नव्हता. अक्कानं घरचेच रंग केले. चुना भिजवला, त्याचा तो गरम, घशाला लागणारा वास दोन्ही घरांत भरला. पिवडी, गेरू, कपड्यांची नीळ, कंदिलाच्या काचेतली काजळी. नीळ आणि पिवडी मिसळली की हिरवा. बांधावरच्या बाभळींचा डिंक मी गोळा करून आणला, आईनं तो उकळून दिला. मामानं आपले जुने ब्रश दिले, आणि चुन्यासाठी घायपाताचा कुंचा ठेचून करून दिला.

पिंपळ भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत गेला. कोवळी पानं तांबूस, जुनी हिरवी. पाहुणे लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायला लागले. मग अक्काला वाटलं, एवढं मोठं झाड आणि खाली कुणीच नाही? तिनं झाडाखाली आमचीच माणसं काढायला घेतली. कानावर ब्रश खोचलेला मामा. पाणी भरून येणाऱ्या बाया. लोक आपापल्या चित्रापुढं उभे राहून हसायचे, माझं पोट एवढं हाय का म्हणायचे.

एका दुपारी साखरामावशी मिलमधून येता येता शिडीपाशी थांबली.

"रत्ने, माझी संगी काढशील?"

अक्का वरून खाली उतरली. "काढते की मावशी. फोटो आहे का तिचा?"

"न्हाई गं. काढायचा काढायचा म्हनत ऱ्हाऊन गेलं." ती घरात गेली आणि ट्रंकेतून संगीचा फ्रॉक घेऊन आली. पिवळा, खाली लाल पट्टी, पाठीला बटणं. त्याला डांबरगोळीचा वास होता. तिनं तो फ्रॉक अक्काच्या हातात दिला आणि माझ्याकडं बघितलं. "ही तिच्याच अंगाची हाय. हिला घालून उभी केली तर तुला माप तरी मिळंल."

आई दारात होती. ती जे कधी बोलायची नाही ते बोलली. "साखरे, आसं नको. जित्या लेकराच्या अंगावर गेलेल्याचं कापड घालू न्हाई."

 फ्रॉक परत घ्यायला साखरामावशीनं हात पुढं केला, आणि तो हात तसाच राहिला.  मिलचा पट्टा तेवढा वाजत होता. आई आत गेली. चुलीवर कालवण होतं, तिनं ते उगाच ढवळलं, झाकलं, परत उघडलं. मग हात धुतले, पदराला पुसले, बाहेर आली. अक्काच्या हातातून फ्रॉक घेतला, झटकला आणि माझ्या डोक्यातून घातला. पाठीची बटणं तिनं एकेक करून लावली. तिची बोटं गार होती.

"उभी ऱ्हा बारके. हालू नको," असं म्हणून ती साखरामावशीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मी भिंतीला पाठ लावली. वैशाखाचं ऊन होतं, भिंत तापलेली. अक्काचा कोळसा माझ्या कानाजवळून खरखरत गेला, खांद्यावरून उतरला, हाताच्या कडेनं बोटांपर्यंत आला. तिचा श्वास माझ्या कपाळावर येत होता, त्याला डिंकाचा वास होता. "झालं, हो बाजूला," ती म्हणाली. मी बाजूला झाले आणि वळून बघितलं. भिंतीवर एक पोरगी उभी होती. तिचा अंगलोट माझा होता, पण ती मी नव्हते. हे मला लगेच कळलं, भीती मात्र वाटली नाही.

फ्रॉक झाला, पाय झाले, वेण्या झाल्या. चेहरा होईना. गल्लीत ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. कुणी म्हणे नाक बसकं होतं, कुणी म्हणे चांगलं तरतरीत. मी अक्काला हाताची गोष्ट सांगितली, ती हसताना तोंड झाकायची ती, तेव्हा अक्कानं तोंडावर हात काढला. म्हणजे राहिले ते डोळे. अक्का डोळे काढायची, साखरामावशी बघायची, मान हलवायची. "चांगलं हाय गं, पर ती न्हाई." अक्का फडक्यानं पुसायची, परत चुना लावायची. त्या एवढ्याशा जागेवर इतका चुना बसला की ती जागा फुगून आली.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी साखरामावशीची शेळी सुटली. भिंतीला पेंडीचा वास, रंगात डिंक. तिनं मागच्या दोन पायांवर उभं राहून पिंपळाची खालची पानं चाटायला सुरुवात केली. जिभेनं रंग परत ओले झाले. मामा "हाड हाड" करत धावला, तर शेळीनं तोंड वळवलं, तिची दाढी हिरवीगार, नाकावर पिवडी, आणि अशा तोंडानं तिनं मामाकडं इतक्या शांतपणे बघितलं की आधी वडील हसले, मग आई, मग सगळी गल्लीच. मामा म्हणाला, "बघा, पिंपळ खरा झाला म्हनायचा."

आणि त्या हसण्यात एक हसू असं होतं की जे आम्ही श्रावणापासून ऐकलं नव्हतं. साखरामावशी हसत होती. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

अक्का शिडीवरून तिच्याकडं बघत राहिली. मग खाली उतरली, काजळी कालवली आणि एका दमात डोळे काढले. ती बाजूला झाली तेव्हा साखरामावशी पुढं आली. बराच वेळ बघितलं. तिनं नुसतं "आली," असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आई तिचं अंगण झाडायला गेली तर ते झाडलेलं होतं.

घरचे रंग पावसात टिकत नाहीत. श्रावणाच्या आत पिंपळाची पानं ओघळली, बायांचे हंडे गेले, मामाचा ब्रश गेला, संगीच्या फ्रॉकचा पिवळा भिंतीवरून गटारात उतरला. मला वाटलं साखरामावशी रडेल. ती म्हणाली, "वैशाखात काढंल की रत्ना." आणि वैशाखात अक्कानं परत काढलं. जुन्या रेषेवर हात ठेवून ती संगीला तशीच्या तशी काढायला लागली तर मावशी म्हणाली, "आगं, वरीस झालं. मोठी झाली आसंल की ती."

अक्का थांबली. माझ्याकडं बघितलं. मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. कोळसा माझ्या डोक्यावरून फिरला, तेव्हा मागच्या वर्षीची पुसट रेघ माझ्या कपाळाच्या उंचीवर राहिली होती.

त्यानंतर दर वैशाखात हे ठरून गेलं. चुना भिजायचा, डिंक उकळायचा, पिंपळ परत पालवायचा, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. त्या दिवशी आई मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढायची. वडील पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "आपन हे सगळं सोडलंय ना?" आई म्हणायची, "सोडलंयच की. ही मिठाची वाटी धुवायची हुती म्हून." आणि चुलीत मोहऱ्या तडतडायच्या.

संगी माझ्याबरोबर वाढली. फ्रॉक आखूड झाला, मग तिला शाळेचा निळा स्कर्ट आला. मला पंजाबी ड्रेस शिवला त्या वर्षी साखरामावशीनं कापड बघायला मला बरोबर घेऊन कापडबाजार पालथा घातला. खरेदी काही केली नाही. दुकानदाराला ठाण उलगडायला लावायची, कापड हातात घ्यायची, "हा रंग रत्नाला जमंल का गं?" असं मला विचारायची. आम्ही जांभळा ठरवला. गेरू आणि नीळ मिळून अक्कानं तो आणला.

नववीत मला चष्मा लागला. तेव्हा गल्लीत चर्चा झाली. संगीलाही चष्मा काढायचा का? आई म्हणाली, दोघी एकाच कंदिलापाशी अभ्यास करायच्या, लागला असता. साखरामावशीला ते लागलं. "आमच्या संगीची नजर चांगली हुती. सुईत दोरा ववायची माझ्या," ती म्हणाली. चष्मा काढला नाही. दहावीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन तिच्या घरी गेले. तिनं माझ्या तोंडात पेढा घातला आणि अक्काला विचारलं, "आन् संगी?"

"पास झाली की मावशी," अक्का म्हणाली.

साखरामावशीनं घराघरांत साखर वाटली. कुणीही "कशाची?" म्हणून विचारलं नाही. सगळ्यांनी हात पुढं केला, साखर खाल्ली, आणि "छान झालं" म्हणाले.

मला कुणी कधी विचारतं, तुला विचित्र नाही का वाटलं? मी आठवून बघते. मला आठवते ती पाठीला लागणारी गरम भिंत. शाळेतून येताना लांबूनच दिसणारी, तोंडावर हात ठेवून हसणारी माझ्याएवढी पोरगी. परीक्षेला जाताना मी तिच्याकडं बघून जायचे. कुणाशी भांडण झालं तर तिच्या पायाशी बसून राहायचे, आणि उठेपर्यंत भांडण विरून गेलेलं असायचं. मैत्रीण म्हणून तिनं मला काही कमी केलं नाही.

अक्काचं लग्न झालं, ती शेवगावला गेली. तिच्या सासरी शेतीचं काम भरपूर, पण वैशाखात ती माहेरी यायची ती पिशवीत पिवडीच्या पुड्या घेऊनच. तिची लेक मग खाली धुळीत बोटं बुडवून स्वतःचं काहीतरी रंगवत बसायची. मीही शिकले, पुण्यात शाळेत नोकरी लागली, आणि एका वैशाखात माझं लग्न ठरलं. पौर्णिमेच्या नंतर लगेचच. त्या वर्षी अक्कानं संगीला साडी नेसवली.

हळदीच्या दिवशी बायांनी मला पाटावर बसवून हळद लावली. अंगण हळदीच्या आणि ओल्या मातीच्या वासानं भरलेलं. गाणी चालली होती. माझं झाल्यावर साखरामावशीनं वाटीत उरलेली हळद घेतली आणि भिंतीपाशी गेली. संगीच्या गालांना तिनं ती अंगठ्यानं लावली, हळूच, रंग खरवडू नये अशी. गाणं म्हणणाऱ्या बाया थांबल्या. मग माझ्या आईनं त्यांना खूण केली, आणि त्यांनी गाणं परत पहिल्यापासून धरलं.

लग्न लागलं. वंदना झाली, जेवणं झाली, उन्हं उतरली. पांढऱ्या साडीत मी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जीपपर्यंत आले, सगळ्यांच्या पाया पडले. साखरामावशीच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला मध्येच धरलं आणि अक्काला हाक मारली.

"रत्ने, चुना हाय का उरल्याला?"

"आहे की. का?"

"हिच्यासंगं माझी बी वाटं लाव."

अक्काला कळेना. मलाही कळेना. साखरामावशी भिंतीकडं बघत म्हणाली, "वय झालं तिचं. किती दिस आईपाशी ठिवायची? लोक काय म्हनतील?"

अक्कानं चुन्याची बादली आणली. कुंचा बुडवला. तिचा हात वर जाईना. एवढी वर्षं तिनं जी रेघ ओढली होती ती तिलाच पुसायची होती, ती तशीच उभी राहिली. तेव्हा साखरामावशीनं कुंचा तिच्या हातातून काढून घेतला आणि खाली बसली. तिनं पायांपासून सुरुवात केली. आधी पावलं, मग निऱ्या, मग पदर. चुना ओला असताना रंग खालून दिसतो, तशी संगी पांढऱ्याच्या आत अजून दिसत होती. हातापर्यंत आल्यावर मावशी थांबली. माझी आई पुढं झाली आणि तिच्या कोपराखाली आपला हात लावला. दोघींनी मिळून चेहरा पुसला.

मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पोरीला सासरी लावताना आया रडतात तशा, मोठ्यानं, कुणाची लाज न बाळगता. सगळ्या गल्लीनं त्यांना रडू दिलं. ज्या श्रावणात रडायचं होतं तेव्हा साखरामावशी रडली नव्हती.

जीपवाला हॉर्न वाजवत होता. माझ्या सासरच्या एका म्हाताऱ्या आत्यांनी मामाला विचारलं, "ह्या दुसऱ्या बाई कोन? त्या का रडत्यात?"

मामा म्हणाला, "आज आमच्या गल्लीतनं दोन पोरी चालल्यात बाई."

 जीपमध्ये बसल्यावर आत्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि वाटेतलं सुपा गाव ओलांडेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर अक्का आणखी काही वर्षं पिंपळ काढत राहिली. झाडाखाली मामा होता, बाया होत्या, एक जागा पांढरी होती. मग मिल बंद पडली. पट्ट्याचा आवाज गेला, पोत्यांचे टेम्पो गेले. मामा गेला. आई-वडील गेले. अक्काचे गुडघे शिडीला नको म्हणायला लागले. वस्तीत फ्लेक्स आलेच. भिंतीवर शेवाळ धरलं, क्लासच्या जाहिराती चिकटल्या, बोअरवेलवाल्यांचे फोन नंबर आले. आणि आता काळवीट.

"कुणाला बघतीयेस गं?" मागून आवाज आला.

लिंबाखाली बाजेवर साखरामावशी बसली होती. अंगानं अर्धी राहिलीय, पण नजर अजून सुईत दोरा ओवायची. मी जवळ गेले, तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, मी वाळले असं ठरवलं, आणि शेजारच्या सुनेला चहा टाकायला सांगितला. अक्काची नात कशी आहे, जावळ काळं आहे का, दूध पिते का, सगळं विचारलं. परांचीवरच्या मुलांची नावं तिला पाठ होती. दुपारी ती त्यांना दटावून सावलीत बसवते, आणि कुणी उपाशी काम करत असेल तर तिला ते लांबूनच समजतं.

त्यांतली एक मुलगी, शर्वरी, केसात रंग माखलेली, आमच्याजवळ येऊन बसली. "आजी, उद्या खालचा पट्टा घेणार. गवत काढू आणि फुलपाखरं. चालेल ना?"

"खालचा पट्टा ऱ्हाऊ दे मोकळा," साखरामावशी म्हणाली.

"का हो?"

"लेकरं मग कुठं लिवतील?"

 शर्वरी उठली, आपल्या सरांना फोन लावला, बराच वेळ बोलली. येऊन म्हणाली, "सर म्हणाले चालेल. लहान मुलांच्या उंचीएवढा मोकळा ठेवू." तिनं चिकटपट्टी घेतली आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. पट्टीच्या वर ज्वारी, पाखरं, काळवीट. खाली पांढरा पट्टा, लिंबापर्यंत.

ती लिंबापाशी पोचायच्या आतच पोरं आली. कुणी खडू आणला होता, कुणी विटेचा तुकडा. एकानं रिक्षा काढली. एका मुलीनं आपलं नाव लिहिलं, मग पुसलं, मग आणखी मोठं लिहिलं.

चहा झाला. ऊन कलायला लागलं होतं. मी उठले, चप्पल घातली, आणि तरीही पाय निघेना. शर्वरीचा ब्रश बादलीत होता, काळविटाच्या पायाशी अजून जागा होती.

"मावशी," मी म्हटलं, "त्या पोरीला सांगू का? संगीला काढायला? मी सांगितलं तर ती काढेल. छान हात आहे तिचा."

साखरामावशीनं पोरांवरची नजर माझ्याकडं वळवली.

"कशाला गं?" ती म्हणाली. "नांदत आसंल की तिच्या घरी. उगं बोलवून आनायची, आन् परत वाटं लावायची. माज्यानं न्हाई व्हायचं आता."

तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि बोटं आपल्या ओठांना टेकवली.

"तू बी नीघ. दिवस हाय तवर घरी पोच."